‘माय नेबर तोतोरो’ पहिल्यांदा बघताय? हमखास विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं दर मे महिन्यात मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना हा सिनेमा दाखवते. भिंतीवर पांढरी चादर, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणि मध्यंतराला भेळ. दर वर्षी नवे आईबाप येतात आणि तेच प्रश्न विचारतात. एकदा सगळं लिहून ठेवावं म्हटलं. गोष्टीतलं थोडंफार इथे उघड होणार आहे, पण या सिनेमाचं त्याने काही बिघडत नाही.

हा नेमका कोणता सिनेमा?

जपानी नाव ‘तोनारी नो तोतोरो’, म्हणजे ‘शेजारचा तोतोरो’. १६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये लागला. लेखक-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, संगीत जो हिसाइशी यांचं, निर्मिती स्टुडिओ जिबलीची. लांबी ८६ मिनिटं. दोन बहिणी, एक बाबा, दवाखान्यात असलेली आई, खेड्यातलं जुनं घर आणि मागच्या रानात राहणारा एक अवाढव्य केसाळ प्राणी, एवढाच ऐवज.

जपानी कार्टून म्हणजे मारामारी आणि मोठमोठे डोळे ना? आम्ही तसलं कधी बघितलं नाही.

तुम्ही बघितलंय. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारा मोगली जपानीच होता. तुमच्या मुलांचा डोरेमॉनही जपानीच. या सिनेमात मारामारी नाही. खलनायकही नाही. बघून झाल्यावर आमच्याकडचा एक सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, “यात वाईट कोण होतं?” त्याला उत्तर देता आलं नाही, कारण वाईट कुणीच नाही.

घिबली की जिबली?

जपानी लोक ‘जिबुरी’ म्हणतात. शब्द मूळचा विमानाच्या नावाचा. मियाझाकींना जुन्या विमानांचं वेड, म्हणून एका इटालियन विमानाचं नाव स्टुडिओला दिलं. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी एआयकडून आपापले फोटो ‘घिबली’ करून घेतले तेव्हापासून आपल्याकडे ‘घ’ पक्का झालाय. म्हणा बापडे. फक्त एवढं लक्षात ठेवा की १९८८ च्या या सिनेमातलं प्रत्येक पान, प्रत्येक डबकं माणसांनी हाताने काढून रंगवलेलं आहे, कॉम्प्युटरशिवाय. मुलांना हे आधी सांगू नका, बघून झाल्यावर सांगा. मग ती पुन्हा बघायला मागतात.

किती वर्षांच्या मुलांना दाखवावा? घाबरतील का?

चार वर्षांपासून पुढे. सिनेमातली धाकटी मेई चारचीच आहे आणि थोरली सात्सुकी साधारण दहाची, त्यामुळे मुलांना आपापला माणूस लगेच सापडतो.

घाबरण्याच्या जागा चार आहेत. पहिली, माळ्यावरच्या अंधारात काजळीचे काळे गोळे सुर्रकन पळतात तेव्हा. दुसरी, तोतोरो तोंड उघडून डरकाळीसारखा आवाज काढतो तेव्हा. तिथे मुलं आधी दचकतात आणि मेई दचकत नाही म्हटल्यावर हसायला लागतात. तिसरी, मांजरबस. बारा पायांची मांजर, तीच बस, डोळ्यांचे दिवे आणि कानापर्यंत हसू. काही मुलांना ते हसू आवडत नाही. मला स्वतःलाही पहिल्यांदा नव्हतं आवडलं.

चौथी जागा मात्र खरी आहे. शेवटच्या वीसेक मिनिटांत मेई हरवते. गावातल्या तळ्यात एक छोटी चप्पल सापडते. शेजारची आजी ती चप्पल हातात धरून बुद्धाचं नाव पुटपुटत बसलेली असते. मोठी माणसं गळ टाकून, बांबू खुपसून तळं धुंडाळत असतात. या वेळी मुलाजवळ बसा. “काही नाही होणार गं” असं पुटपुटत राहू नका, नुसतं बसा. सात्सुकी धावत येते, चप्पल बघते आणि सांगते, ही मेईची नाही. हॉलमध्ये त्या क्षणी जो श्वास सुटतो तो मी दर वर्षी ऐकते, आणि त्यात निम्मे श्वास आयांचे असतात.

कुठल्या भाषेत बघायचा? आमच्या मुलीला अजून वाचता येत नाही.

मराठी डब माझ्या पाहण्यात नाही. फेब्रुवारी २०२० पासून जिबलीचे सिनेमे भारतातही नेटफ्लिक्सवर आले. जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, किंवा इंग्रजी डब, असे पर्याय मिळतात. इंग्रजी डबही चांगला आहे. त्यात दोन बहिणींना डकोटा आणि एल फॅनिंग या खऱ्याखुऱ्या सख्ख्या बहिणींचे आवाज आहेत.

पण माझं मत विचाराल तर जपानीच लावा आणि तुम्ही बाजूला बसून मराठीत सांगा. सगळं नाही, लागेल तेवढंच. या सिनेमात बोलणं मुळात कमी आहे आणि जे आहे ते घरगुती आहे: चल, थांब, भूक लागली, आई कधी येणार. शिवाय जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, आणि वाक्याला शेवटी ‘ने’ लावतात तो थेट आपला ‘ना’ आहे. पंधरा मिनिटांत कान बसतो. ‘ओकासान’ म्हणजे आई, ‘ओतोसान’ म्हणजे बाबा, ‘ओनेचान’ म्हणजे ताई, ‘ओबाचान’ म्हणजे आजी. एवढ्यावर भागतं.

जपानीत बघण्याचं दुसरं कारण म्हणजे मेईचं बोबडं बोलणं. मक्याला जपानीत ‘तोमोरोकोशी’ म्हणतात, मेई ‘तोन्मोकोरोशी’ म्हणते. बेडकाच्या पिल्लांना ‘ओतामाजाकुशी’ म्हणतात, मेई ‘ओजामाताकुशी’ म्हणते. तुमच्याकडे ‘पिशवी’ला ‘शिपवी’ म्हणणारं कुणी असेल तर त्याला हे भाषांतर न करता कळतं.

‘तोतोरो’ हे नावसुद्धा असंच झालंय. पाश्चात्त्य गोष्टींतल्या ट्रोल नावाच्या राक्षसाला जपानीत ‘तोरोरु’ म्हणतात. मेई त्या प्राण्याच्या पोटावर बसून विचारते, तू कोण? तो तीन लांबलचक आवाज काढतो. तिला ते ‘तो-तो-रो’ ऐकू येतं. ताई तिला शोधून काढते तेव्हा सांगते, तोतोरो भेटला. ताई विचारते, तो गोष्टीच्या पुस्तकातला तोरोरु? मेई ठामपणे ‘हो’ म्हणते. या प्राण्याला सबंध जगात जे नाव मिळालं ते एका चार वर्षांच्या मुलीच्या चुकलेल्या उच्चारातून.

अर्धा तास झाला, अजून काहीच घडत नाही. आम्ही चुकीचा सिनेमा लावला का?

नाही, बरोबर लावलाय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारे नेहमी बाबा असतात. मुलं नाही विचारत.

तोतोरो पडद्यावर नीट दिसायलाच अर्धा तास जातो. तोवर काय होतं? सामानाचा टेम्पो येतो. मुली नव्या घरात धावतात. व्हरांड्याचा खांब कुजलाय, तो हलवून बघतात. खिडक्या उघडतात. छतातून एक ओकचं फळ पडतं. पायात बूट आहेत आणि घरात तर जायचंय, म्हणून बूट वर उचलून गुडघ्यांवर चालत जातात. चपला घालून घरात गेल्यावर पाठीत धपाटा खाल्लेल्या कुठल्याही मुलाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याला सवय झालेली असते की पहिल्या दहा मिनिटांत कुणाचा तरी बाप मरायला हवा, दुष्ट काका हवा, शपथ घ्यायला हवी. इथे गोष्ट मुलाच्या दिवसासारखी चालते. मेई अंगणात एकटी खेळतेय हा प्रसंगच बघा. बाबा खिडकीत लिहीत बसलेत. मेई फुलं तोडते आणि त्यांच्या टेबलावर मांडते, म्हणते, तुम्ही फूलवाले व्हा. मग डबक्यात बेडकाची पिल्लं बघते. मग तिला बूड फुटलेली बादली सापडते, ती डोळ्याला लावून दुर्बीण करते. त्या गोल भोकातून तिला गवतात एक ओकचं फळ दिसतं. मग दुसरं. मग तिसरं. आणि मग दोन पांढरे कान. एवढ्या सगळ्यात संवाद नाहीच म्हणा, आणि हॉलमधली तीन-चार वर्षांची मुलं या वेळी चादरीच्या इतकी जवळ सरकतात की मागच्यांना दिसेनासं होतं.

म्हणून माझी एकच अट असते. मोठ्यांनी गोष्टीची वाट बघू नये. “आता बघ हं, आता तो येणार” असंही सांगू नये. फोन बाहेर ठेवावा. ज्याला कंटाळा येईल त्याने भेळेसाठी कांदा चिरावा.

बसस्टॉपचं एवढं कौतुक का?

कारण ते तसंच आहे. पावसात दोघी बाबांची छत्री घेऊन बसस्टॉपवर उभ्या आहेत. बस येते, बाबा त्यात नाहीत. अंधार पडतो. मेई पेंगायला लागते, ताई तिला पाठीवर घेते, छत्री खांद्यात अडकवते. एक बेडूक रस्ता ओलांडतो. मग छत्रीच्या कडेखालून सात्सुकीला शेजारी नखं असलेला एक मोठ्ठा पाय दिसतो.

तोतोरो बसची वाट बघत उभा आहे, डोक्यावर एक पान. सात्सुकी घाबरते, पण त्याच्या नाकावर पाणी गळतंय हेही बघते आणि बाबांची जादा छत्री त्याच्यापुढे धरते. छत्री काय असते हे त्याला माहीत नाही. झाडावरून एक थेंब छत्रीवर पडतो, टप्. त्याचे डोळे विस्फारतात. आणखी थेंब. मग तो उडी मारतो, जमीन हादरते आणि झाडांवरचं सगळं पाणी एकदम त्या छत्र्यांवर कोसळतं. तो आनंदाने गर्जतो. मग मांजरबस येते, तो तिच्यात बसून निघून जातो, आणि बाबांची छत्री घेऊनच जातो. बदल्यात पानात बांधलेली बियांची पुडी दिलेली असते.

आता याच्या पोस्टरची गंमत. मूळ पोस्टरवर बसस्टॉपवर तोतोरोशेजारी एकच मुलगी आहे, आणि ती ना धड सात्सुकी ना धड मेई. सुरुवातीच्या कल्पनेत मुलगी एकच होती. सिनेमाची लांबी वाढवायची ठरली तेव्हा त्या एकीतून दोघी बहिणी झाल्या. नावांतही त्याची खूण राहिली: ‘सात्सुकी’ हे जपानी जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याचं नाव आणि ‘मेई’ म्हणजे इंग्रजी मे. दोघीही मे महिनाच. आमचा कार्यक्रम मे महिन्यात असतो तो मात्र निव्वळ शाळेच्या सुट्टीमुळे.

तोतोरो म्हणजे देव, भूत की प्राणी?

बाबा त्याला रानाचा राखणदार म्हणतात. ज्याला देवराई माहीत आहे त्याला इथे फारसं काही सांगायला नको. तोतोरोचं घर एका प्रचंड कापराच्या झाडात आहे. झाडाच्या बुंध्याला गवताचा जाड दोर बांधलाय, तो ‘शिमेनावा’. जिथे देवाचा वास आहे त्या जागेला शिंतो धर्मात असा दोर बांधतात. वडाला सूत गुंडाळलेलं बघून वाढलेलं मूल आपणहून म्हणतं, “हे देवाचं झाड आहे.”

मेईने तोतोरो पाहिल्याचं सांगितल्यावर बाबा तिला खोटं पाडत नाहीत. दोघींना घेऊन त्या झाडापाशी जातात, सरळ उभे राहतात आणि मेईला सांभाळल्याबद्दल झाडाचे आभार मानून वाकून नमस्कार करतात. हा बाप विद्यापीठात शिकवतो बरं का. मला सिनेमातला हा अर्धा मिनिट फार मोलाचा वाटतो.

वाटेवर दगडी मूर्तीही दिसतात, लहान मुलासारख्या गोल चेहऱ्याच्या. ते जिझो, मुलांचा आणि वाटसरूंचा रक्षणकर्ता. मूळ संस्कृत नाव क्षितिगर्भ, बौद्ध धर्माबरोबर जपानला पोहोचलेलं. पावसात आडोशाला शिरताना सात्सुकी जिझोला विचारून, परवानगी घेऊन मगच थांबते. आणि हरवलेली मेई सापडते तेव्हा ती सहा जिझोंच्या ओळीजवळ बसलेली असते. कुणीही मुद्दाम बोट दाखवून सांगत नाही की बघा, देवाने राखलं. तुमचं तुम्ही बघायचं.

तोतोरोने दिलेल्या बियांचं रात्रीतून झाड उगवतं ते खरं की स्वप्न?

सकाळी उठून मुली बघतात तर अंगणात आभाळाएवढं झाड नाही, पण वाफ्यात कोंब आलेत. त्या नाचत ओरडतात, स्वप्न होतं, पण स्वप्न नव्हतं! याहून जास्त स्पष्टीकरण मी कुणाला देत नाही.

आईला काय झालंय? मुलांना काय सांगायचं?

सिनेमात आजाराचं नाव घेतलेलं नाही. मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, आणि सिनेमातला दवाखानाही रानातल्या सॅनिटोरियमसारखा आहे. आमच्या हॉलमधल्या एका आजीबाईंनी तो बघताक्षणी ओळखला. त्यांची थोरली बहीण मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये होती, आणि त्यांना आठवत होतं ते एवढंच की भेटायला गेल्यावर मुलांना व्हरांड्यातच उभं करत.

मुलांना खरं सांगा: आई आजारी आहे, बरी व्हायला वेळ लागतोय, घरी सगळ्यांना तिची आठवण येतेय. तुमच्या घरात सध्या कुणी दवाखान्यात असेल तर आधी तुम्ही एकट्याने बघा आणि मग ठरवा. मी एका वर्षी हे न विचारता दाखवला आणि एका छोट्या मुलाला उचलून बाहेर न्यावं लागलं. चूक माझी होती. तेव्हापासून आमंत्रणातच लिहिते.

या भागातला सगळ्यात अवघड क्षण तळ्याचा नाही, त्याच्या थोडा आधीचा आहे. दवाखान्यातून तार येते. घरी फोन नाही, सात्सुकी शेजारच्यांच्या मोठ्या घरी धावते, ऑपरेटरकडून बाबांना शहरात फोन लावते. (‘ट्रंक कॉल’ ही काय भानगड होती, ते आजोबांना सांगायला लावा.) आईला सर्दी झाल्यामुळे शनिवारचं घरी येणं लांबलंय, इतकंच असतं. पण सात्सुकीला आठवतं की मागेही असंच ‘थोडे दिवस’ म्हणाले होते. सबंध सिनेमाभर डबे भरणारी, वेण्या घालणारी, मेईला सांभाळणारी ही मुलगी आजीसमोर हमसून हमसून रडते: आई मेली तर? आणि मेई हे लांबून बघते. ताई रडू शकते हे तिला तोवर माहीतच नसतं. ती कणीस छातीशी धरते आणि एकटीच दवाखान्याच्या वाटेला लागते. मोठ्या माणसालाही चालत तीन तास लागतील एवढी ती वाट.

थोरल्या भावंडांना हा सिनेमा वेगळा लागतो. माझी भाची, घरातली मोठी, नऊ वर्षांची होती तेव्हा त्या रडण्याच्या वेळी काहीच बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, “तिला पण कुणीतरी उचलून घ्यायला हवं होतं.” शेजारची आजी तिला जवळ घेते खरं तर. पण भाचीचं म्हणणं मला कळलं.

बाबा मुलींबरोबर आंघोळ करतात, हे कसं दाखवायचं?

जसं आहे तसं. जपानी घरांत लहान मुलांनी आईबाबांबरोबर गरम पाण्याच्या हौदात बसणं अगदी सर्रास चालतं. आधी बाहेर बसून अंग धुतात, मग खालून लाकडं पेटवून तापवलेल्या पाण्यात सगळे एकामागून एक उतरतात, त्यामुळे पाणी सगळ्यांचं एकच असतं. आपल्या बंबाचाच प्रकार, फक्त माणूसच आत बसतो. आईबाप अस्वस्थ होतात, मुलांना काही वाटत नाही. प्रसंगाचा विषय आंघोळ नाहीच. बाहेर वारा घोंघावतोय, घर कडकड वाजतंय, मुली घाबरल्यात आणि बाबा म्हणतात, मोठ्याने हसा, भीती पळून जाते. मग तिघं पाणी उडवत खदाखदा हसतात.

आजी-आजोबांना आवडेल का?

मुलांपेक्षा जास्त. काळ १९५० च्या दशकातला. घरात टीव्ही नाही. परसात हातपंप आहे, म्हणजे आपला हापसा. तो कोरडा पडलाय म्हणून सात्सुकी ओढ्यावरून बादलीभर पाणी आणते, वरून ओततात, मग दांडा मारत राहायचं. आधी नुसता खडखडाट आणि मग भसकन पाणी. आमच्याकडे एका आजोबांनी इथे खुर्चीत बसल्या बसल्या दांडा मारल्यासारखा हात हलवला. रात्री झोपायला मच्छरदाणी लावतात. शेजारची आजी मळ्यातल्या काकड्या ओढ्याच्या पाण्यात गार करत ठेवते आणि मग त्या कचाकच खातात. सात्सुकी सकाळी उठून तिघांचे डबे भरते: भात, त्यावर गुलाबी माशाचा भुगा, बाजूने हिरवे दाणे, मधोमध एक खारवलेलं आंबट फळ. लोणच्याची फोड समजा.

निसर्गाची चित्रं काझुओ ओगा यांची. त्यांची आणि मियाझाकींची मातीवरून चर्चा झाली होती. ओगा आकिता भागातले, तिथली माती काळी, त्यांच्या हातून काळीच यायची. मियाझाकींना कांतो भागातली तांबडी हवी होती. देश आणि कोकण अशी दोन माहेरं ज्या घरात आहेत तिथे या वादाचं महत्त्व कळेल. सिनेमात तांबडी आहे.

ही जागा खरोखर आहे का?

मोठ्या प्रमाणात. तोक्योच्या पश्चिमेला सायामा टेकड्या आहेत. तिथल्या तोकोरोझावा शहरात मियाझाकी राहतात. सिनेमातलं गाव कल्पनेतलं, पण वळणं तिथली. इमारतींच्या रेट्यात हे रान जाऊ नये म्हणून १९९० साली लोकवर्गणीचा निधी सुरू झाला आणि मियाझाकींनी तोतोरोचं नाव वापरू दिलं. लोकांनी पैसे घालून रानाचे तुकडे विकत घेतले, आजवर पन्नासहून जास्त. त्यांना ‘तोतोरोचं रान क्रमांक १, २, ३’ अशी नावं आहेत. मुलींचं ते घर हुबेहूब बांधलेलं बघायचं असेल तर आइची प्रांतात जावं लागेल. २००५ च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनासाठी ते उभारलं आणि आता ते २०२२ मध्ये उघडलेल्या जिबली पार्कचा भाग आहे.

इंटरनेटवर वाचलं की तोतोरो म्हणजे यमदूत आणि मेई खरं तर मेलेली असते. खरं का?

नाही. शेवटी मुलींच्या सावल्या दिसत नाहीत, म्हणून त्या मेल्या, असा तो तर्क. स्टुडिओने २००७ मध्ये स्वतः सांगितलं की असं काहीही नाही, सावल्या तिथे गरजेच्या वाटल्या नाहीत म्हणून काढल्या नाहीत. तरी दर वर्षी कुणीतरी आठवीतला मुलगा ही बातमी घेऊन येतोच.

याच स्टुडिओचा काजव्यांवरचा सिनेमा लगेच पुढे लावू का?

अजिबात नाही! ‘काजव्यांचं थडगं’ हा इसाओ ताकाहाता यांचा सिनेमा, दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेल्या भावंडांचा. १९८८ मध्ये हे दोन सिनेमे एकाच तिकिटात जोडीने दाखवले गेले होते. कुटुंबं मुलांना घेऊन गेली असतील आणि काय होऊन बाहेर आली असतील, कल्पनाच करा. उत्तम सिनेमा आहे, पण मोठ्यांनी, वेगळ्या दिवशी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना बघावा.

लहानांसाठी पुढचा ‘पोन्यो’ (२००८). सात-आठच्या पुढे ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९). ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) दहाच्या आसपास. त्यात आईबापांची डुकरं होतात आणि लहान मुलं त्या रात्री आईचा हात सोडत नाहीत. ‘प्रिन्सेस मोनोनोके’त हात-मुंडकी तुटतात, तो कॉलेजवाल्यांना ठेवा.

थिएटरमध्ये चालला होता का हा?

लागला तेव्हा गर्दी बेताचीच होती. पुढे टीव्हीवर आला आणि घराघरात पोचला. मऊ बाहुल्या त्याहीनंतर आल्या आणि त्यांनी स्टुडिओला पैसा दिला. आज जिबलीच्या प्रत्येक सिनेमाच्या आधी निळ्या पाटीवर जो चेहरा दिसतो तो तोतोरोचा.

शेवटची नावं यायला लागली की बंद केलं तर चालेल ना?

नाही चालणार. हे मी पहिल्या वर्षीच शिकले. मांजरबसमधून बहिणी दवाखान्याबाहेरच्या झाडावर पोचतात, खिडकीतून आई-बाबांना हसताना बघतात, खिडकीत कणीस ठेवून येतात. कणसाच्या पानावर नखाने कोरलेलं असतं, ‘आईसाठी’. नावं सुरू झाली, मुलं भेळेसाठी उठली आणि मी प्रोजेक्टर बंद केला. रात्री साडेदहाला शेजारच्या फ्लॅटमधून फोन आला. पाच वर्षांची मुलगी झोपत नव्हती, विचारत होती, तिची आई घरी आली का?

उत्तर नावांमागच्या चित्रांत आहे. आई गाडीतून उतरते. मुली तिच्याकडे धावतात. रात्री तिघी एका अंथरुणात पडल्यात, आई मधे, आणि ती पुस्तक वाचून दाखवतेय. पुस्तकावर तीन बोकड आणि पुलाखालचा एक तोरोरु.

तिला मी फोनवरच सांगितलं, आली म्हणून. तिने विचारलं, कधी? मी म्हटलं, तुम्ही भेळ खात होतात तेव्हा.